‘दिवसाला दोनच’ सिगरेटी आणि आपलं हृदय: पहिल्यांदा सोडणाऱ्यांसाठी

इंदूरला अन्नपूर्णा रोडच्या बाजूला माझं औषधांचं छोटं दुकान आहे. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर गर्दी असते. त्या गर्दीत आठवड्याला दोन-तीन जण तरी असे येतात, जे बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत कडेला उभे राहतात आणि मग हळूच म्हणतात, “भिया, ती सिगरेट सोडायची गोळी असते ना, ती द्या.” बहुतेकांच्या आसपास नुकतंच काहीतरी घडलेलं असतं. कुणाच्या ऑफिसातला सोबती अचानक गेलेला असतो, कुणाच्या ईसीजीत काही निघालेलं असतं, कुणाची मुलगी शाळेतून शिकून आलेली असते आणि रोज विचारते. काउंटरवर उभ्या उभ्या पाच मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगतो, पण ते पुरत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी स्वतः १९ वर्षं ओढली, दिवसाला दहा. माझा दादा मात्र तीन-चारच ओढायचा. आई मला रागवायची आणि दादाचं उदाहरण द्यायची, ‘त्याच्यासारखा कमी तरी ओढ.’ दादा ४६ वर्षांचा असताना एका पहाटे चारला त्याला छातीत जड वाटू लागलं, डाव्या खांद्यात ओढ बसली आणि बनियन घामाने भिजला. आदल्या रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाल्लं होतं, म्हणून घरात सगळ्यांनी ठरवलं की गॅस झाला. माझ्याच दुकानातली आम्लपित्ताची बाटली त्याला दिली. दोन तास गेले. हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा कळलं की हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली आहे. स्टेंट बसला, दादा वाचला. डॉक्टरांनी विचारलं, शुगर? नाही. बीपी? नाही. वडिलांना कधी त्रास? नाही. सिगरेट? दादा म्हणाला, “दिवसाला तीन-चारच.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “हृदयाला तेवढ्या पुरतात.”

हा सगळा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. कमी करणं म्हणजे सोडणं नव्हे, आणि हृदयाच्या बाबतीत तर अजिबातच नव्हे.

आधी समजून घ्या: धूर हृदयापर्यंत कसा पोहोचतो

फुफ्फुसाचं नुकसान लोकांना समजतं, कारण खोकला ऐकू येतो. हृदयाचं ऐकू येत नाही. झुरका घेतल्यावर साधारण दहा सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचतं. शरीर ॲड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, रक्तवाहिन्या आवळतात. एका सिगरेटनंतर मिनिटाला दहा ठोके जरी वाढले, तरी तासाला ६०० ठोके जास्तीचे झाले. हृदयाला जादा काम लागलं म्हणजे जादा प्राणवायूही हवा. तो मिळतो का? नाही, कारण त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. काम वाढवायचं आणि रसद तोडायची, दोन्ही एकाच वेळी.

याच्या जोडीला दोन इजा होतात. पहिली सावकाश होते. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर मुळात तुळतुळीत असतं. धुरामुळे ते खरखरीत होतं, त्यावर कोलेस्टेरॉल साचतं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि वर्षानुवर्षं वाट अरुंद होत जाते. दुसरी इजा ताबडतोबची असते. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, चिकट होतात आणि गुठळी व्हायला टपून बसतात. हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो याच गुठळीने.

ही दुसरी इजा नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोन्ही गोष्टी तिच्यामुळेच कळतात. बिंबिका चिकट व्हायला फार धूर लागत नाही, एक-दोन सिगरेटी पुरतात. म्हणून कमी ओढणाराही सुटत नाही. आणि धूर थांबला की रक्ताचा हा चिकटपणा उतरायला वर्षं लागत नाहीत. म्हणून सोडण्याचा फायदा हृदयाला लवकर मिळू लागतो.

२०१८ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १४१ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण छापून आलं. दिवसाला २० सिगरेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्या पुरुषालाही असतो. बायकांत तो सुमारे एक तृतीयांश निघाला. २० वरून एकवर आलात तर धोकाही विसाव्या हिश्शावर येईल, हा आपल्या मनातला हिशेब चुकीचा आहे.

विडीवाल्यांना वाटतं, विडी म्हणजे पान, नैसर्गिक. देशात सर्वांत जास्त तेंदूपत्ता आपल्या मध्य प्रदेशातच गोळा होतो, त्यामुळे इकडे विडी घरचीच वाटते. पण तेंदूचं पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून जोरात आणि सारखे झुरके मारावे लागतात, आणि तिच्यातून निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड हे सगळं सिगरेटपेक्षा कमी येत नाही. हुक्क्याचं पाणी धूर थंड करतं, स्वच्छ करत नाही. वरच्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड त्यात भरच घालतो. ‘लाइट’ सिगरेट ओढणारा नकळत झुरका खोल घेतो. आणि घरात दुसऱ्याचा धूर घेणाऱ्याला, म्हणजे आपल्या बायकोला, आईला, हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो.

पायरी १: आठ दिवस काहीही सोडू नका, फक्त लिहा

हे ऐकून गिऱ्हाइकं गोंधळतात. पण पहिल्याच दिवशी जोशात पाकीट फेकणारे चौथ्या दिवशी नवं पाकीट घेताना मी पाहिले आहेत. खिशात मावेल अशी वही घ्या. सिगरेट पेटवायच्या आधी, नंतर नव्हे, चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, आणि तलफ किती, एक ते पाच. माझ्या वहीतलं एक पान अजून माझ्याकडे आहे:

सकाळी ७.१०, गच्ची, एकटा, ५.
८.४०, पोह्यांच्या दुकानासमोर, मंडळी, २.
११.३०, दुकानामागे, माल उतरवून झाल्यावर, २.
१.५०, जेवण झाल्यावर, ४.
४.१५, गुमटी (टपरी), चहा, १.

आठ दिवसांनी पान चाळलं तर दिसलं की दहांपैकी तीनच सिगरेटींना चार किंवा पाच आकडा होता. बाकीच्या सात मी त्या जागेमुळे, त्या चहामुळे, त्या माणसांमुळे ओढत होतो. म्हणजे मला दोन वेगळी कामं करायची होती. तीन सिगरेटींसाठी शरीराचा बंदोबस्त, म्हणजे औषध. आणि सात सिगरेटींसाठी दिवसाचा रस्ता बदलणं. हे वहीशिवाय कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट वहीत बघा: उठल्यापासून पहिली सिगरेट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटीनची पकड घट्ट आहे, आणि तुम्हाला औषधाची मदत लागण्याची शक्यता जास्त.

पायरी २: तारीख ठरवा

पुढच्या पंधरा दिवसांतली एक तारीख घ्या, त्याहून लांबची नको. घरात लग्न असेल तो आठवडा टाळा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, तो आठवडा टाळा. अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, निघते, रात्रभर जागरण आणि चहा होतो, ती रात्रही टाळा. का ते पुढे सांगतो. मार्च एंडिंगला हिशेबाचं काम करणाऱ्यांनी तेव्हा सुरू करू नये. साधा, कंटाळवाणा आठवडा सगळ्यांत चांगला.

तारीख घरात सांगा आणि कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेला पूर्ण शून्य. ‘हळूहळू कमी करीन’ म्हणणाऱ्यांची दोन टोकं मी पाहतो. जे शेवटाची तारीख धरून कमी करतात त्यांचं जमतं. ज्यांच्याकडे तारीखच नसते ते दहावरून चारवर येतात आणि चारवर वर्षानुवर्षं राहतात. माझा दादा तसाच चारवर राहिलेला होता.

पायरी ३: डॉक्टर आणि औषध

आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. ते नसतील तर एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत जा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, ईसीजी काढून घ्या. चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, शेवटी उठताना नव्हे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. धूर बंद झाला की काही औषधं शरीरात जास्त वेळ टिकतात. दम्याच्या थिओफिलिनचं असं होतं, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांचंही होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी शुगर जास्त वेळा तपासावी.

सोडायला मदत करणारी औषधं मुख्यतः तीन. व्हरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. व्हरेनिक्लिन साधारणपणे ठरवलेल्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करतात आणि १२ आठवडे देतात. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. तिसरं म्हणजे निकोटीनचं गम किंवा पट्टी.

गमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. माणूस गमच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन जातो आणि चार दिवसांनी परत येऊन म्हणतो, “काही उपयोग नाही, नुसती उचकी लागते, पोटात जळजळ होते.” मी म्हणतो, एक गोळी इथेच माझ्यासमोर खा. तो तोंडात टाकतो आणि मुलं च्युइंगम चघळतात तशी भराभर चघळतो. सगळं निकोटीन लाळेतून पोटात. ते पोटातून कामाला येत नाही, गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जावं लागतं.

बरोबर रीत अशी. गोळी तोंडात टाका, सावकाश चघळा, दहा-पंधरा वेळा. जिभेला तिखटसर, मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबा. गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, जशी जुनी माणसं लवंग धरायची. मिनिटभराने तिखटपणा उतरला की पुन्हा दोन-चारदा चघळा, आणि आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, शिकंजी, सोडा काही नाही. आंबट पदार्थांनी आणि चहा-कॉफीने निकोटीन शोषलं जात नाही. ही रीत दाखवली की त्यातले निम्मे तरी पुढच्या आठवड्यात येऊन सांगतात, आता कळलं.

गम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतं. कोणतं लागेल ते वहीवरून आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा. तलफ येण्याची वाट न बघता पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत नेऊन बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. लोक चार दिवस खाऊन सोडतात, तिथेच फसतात.

‘गममध्येही निकोटीनच, मग हृदयाला काय फरक?’ हा प्रश्न मला रोज येतो, आणि तो योग्य आहे. गममधलं निकोटीन थोडं थोडं, सावकाश येतं, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड नाही, डांबर नाही, धुरातली हजारो रसायनं नाहीत. मुख्य घात धूर करतो. तरी ज्यांना गेल्या दोन आठवड्यांत अटॅक आला आहे, ज्यांचे ठोके गंभीर अनियमित आहेत किंवा बसल्या जागी छातीत दुखतं आहे, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गमला हात लावू नये.

पायरी ४: आदल्या रात्री घर आवरा

शर्टांचे खिसे, स्कूटरची डिकी, गच्चीवरच्या कुंडीमागची जागा, दुकानाचा गल्ला. तुम्ही पाकिटं कुठे लपवता ते तुम्हालाच ठाऊक. ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून एकही ठेवू नका. आपल्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी दारात येते, सगळं तिच्यात जाऊ द्या, राखदाणीसुद्धा. काडेपेटी देवघरात, आईच्या किंवा बायकोच्या ताब्यात. चादरी, पडदे धुवायला टाका. दोन-तीन दिवसांनी नाक जागं होतं, तेव्हा तो जुना वास तुम्हालाच नकोसा होतो.

पायरी ५: पहिले तीन दिवस

हेच अवघड. निकोटीन उतरल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो आणि बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत जवळपास संपतो. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, भूक वाढते, झोप तुटते, काहींना बद्धकोष्ठ होतं. हा आजार नव्हे, शरीर जुन्या चालीवर परत येतं आहे.

एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. लाटेसारखी चढते आणि उतरते, तुम्ही ओढा किंवा नका ओढू. तेवढा वेळ काढायचा. मी दुकानातून उठून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत जायचो आणि परत यायचो, येऊन ग्लासभर पाणी घोट घोट प्यायचो. घड्याळ लावून बघितलं तर चार मिनिटं होत होती. पहिल्या दिवशी असे अकरा फेरे झाले, दहाव्या दिवशी तीन. फेरे मोजा आणि त्याच वहीत लिहा. मन म्हणत असतं, काहीच फरक पडत नाहीये. वही दाखवते की पडतो आहे.

चहा कमी करा, आणि हे मी पोटासाठी सांगत नाही. धूर ओढणाऱ्याचं शरीर कॅफिन भराभर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात खूप जास्त वेळ राहतं. मग हात थरथरतात, छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि माणूस समजतो की सिगरेट सोडल्यामुळेच होतंय. पाच कप पीत असाल तर अडीचवर या. मला हे दुसऱ्या खेपेला कळलं, आणि त्या एका बदलाने रात्रीची झोप परत आली.

खोकला काही दिवस वाढल्यासारखा वाटू शकतो, घाबरू नका. कफात रक्त दिसलं तर मात्र लगेच डॉक्टर.

पायरी ६: पोहे, गुमटी, सराफा

सिगरेट सोडायची म्हणून इंदूर सोडता येत नाही. पण सुरुवातीचा महिनाभर रस्ता बदलता येतो. पोहे-जिलेबी खायचीच असेल तर ती घरी बांधून आणा. दुकानासमोर उभं राहिलं की हात खिशाकडे जातो. गुमटीवरून जाण्याऐवजी पलीकडच्या फुटपाथने जा. सकाळची पाच आकड्यावाली सिगरेट गच्चीवर असेल तर सकाळी गच्चीवर जाऊच नका. उठल्याबरोबर आंघोळ करून लालबागेत फिरायला जा. फिरण्याने तलफही कमी होते, आणि हृदयाला त्याचा वेगळा फायदा आहेच. ज्यांना अटॅक येऊन गेला आहे त्यांनी किती चालायचं ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मित्रांसमोर ‘सोडायचा प्रयत्न करतोय’ असं म्हणू नका. प्रयत्न शब्द ऐकला की समोरचा पाकीट पुढे करतो. सरळ म्हणा, “मी ओढत नाही.” पहिल्यांदा खोटं वाटतं, आठवड्याभरात खरं वाटू लागतं. सराफ्यात रात्री बसणारी मंडळी जेवण झाल्यावर उठतात ती थेट पानवाल्याकडे. तुम्ही तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानाकडे वळा किंवा घरी निघा. तोंडात काहीतरी हवंच असतं, तर बडीशेप, वेलची, भाजलेला ओवा, गाजराचे तुकडे ठेवा. शेवेचा डबा जवळ ठेवू नका. मीठ आणि तेल दोन्ही हृदयाच्या विरोधात जातात. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढू शकतं. तेवढ्या वजनाने होणारा तोटा सिगरेट सुटल्याच्या फायद्यापुढे अगदी लहान आहे, म्हणून वजनाच्या भीतीने परत पेटवू नका.

एक सापळा मात्र आमच्या गावात मोठा आहे. सिगरेट सोडली आणि गुटखा-तंबाखूचा पाऊच धरला. गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य, एप्रिल २०१२ मध्ये. पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, असं मिसळून खाणारे तुम्हीही रोज पाहता. तंबाखू चघळली तरी निकोटीन रक्तात जातंच, ठोके आणि बीपी वाढतातच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळा. ई-सिगरेटवर तर २०१९ पासून देशभर बंदी आहे. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात उतरायचं नाही.

पायरी ७: घसरलात तर

पहिल्या खेपेला मी २३ दिवस राहिलो. चोविसाव्या रात्री झांक्या बघायला राजवाड्याकडे गेलो, दोन वाजता चहा झाला, कुणीतरी पेटवलेली पुढे केली आणि मी घेतली. त्या एका सिगरेटने बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा मी स्वतःला म्हणालो, आता मोडलंच आहे तर, आणि पाकीट घेतलं. पाच आठवडे पुन्हा ओढली.

म्हणून सांगतो. एक ओढली गेली तर त्याच तासात वही काढा, वेळ-जागा-माणूस लिहा, आणि पुढची नाही. तारीख बदलू नका, नवीन पाकीट घेऊ नका, घरी सांगून टाका. बहुतेकांना कायमचं सुटेपर्यंत एकाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी आपली कच्ची जागा कळत जाते. माझी कच्ची जागा रात्रीचा चहा होती. दुसऱ्या खेपेला मी तो तीन महिने बंद केला.

सोबत कुणी नसेल तर फोन करा. प्रत्येक पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो; ही केंद्र सरकारची मोफत क्विटलाइन आहे. पलीकडचा माणूस ओरडत नाही, दिवसाला किती ओढता ते विचारतो, तारीख ठरवायला मदत करतो आणि नंतरही विचारपूस करतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर मदतीचे संदेश येऊ लागतात.

घरच्यांनी

वास घेऊन तपासणी करू नका. ‘बघू किती दिवस टिकतं’ हे वाक्य घरात उच्चारू नका. पहिला आठवडा चिडचिड सहन करा. माझ्या बायकोने एकच केलं: रात्री जेवण झाल्यावर ती पायात चप्पल घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, “चला, अन्नपूर्णेच्या मंदिरापर्यंत जाऊन येऊ.” जेवणानंतरची चार आकड्यावाली सिगरेट त्या चालण्यात गेली.

काय, केव्हा परत मिळतं

शेवटची सिगरेट विझवल्यावर २० मिनिटांत ठोके आणि बीपी खाली यायला लागतात. दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि हिमोग्लोबिन पुन्हा आपल्या कामाला लागतं. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतं. मला हे दुकानाच्या माळ्यावर खोकी चढवताना जाणवलं, मध्ये थांबावं लागेना. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. साधारण पंधरा वर्षांत तो कधीच न ओढलेल्या माणसाच्या जवळ पोहोचतो. अटॅक येऊन गेलेल्याने सोडली तरी उशीर झालेला नसतो. पुढे मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, आणि एवढा फायदा देणारी औषधं माझ्या दुकानात फार नाहीत.

ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टरांवरच एक अभ्यास सुरू झाला आणि तो ५० वर्षं चालला. ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांना जवळपास दहाही वर्षं परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. ‘आता या वयात सोडून काय’ असं काउंटरवर म्हणणाऱ्या काकांना मी हा तीनचा आकडा सांगतो. तीन वर्षं म्हणजे नातवाची पहिली ते तिसरी.

आणि ही एक गोष्ट सोडत असताना, सोडल्यावर, कधीही

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम फुटणं, मळमळ, दम लागणं. बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत छातीत न दुखता नुसता दम, थकवा किंवा मळमळही असू शकते. काही मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो तिथे पोहोचा. गाडी स्वतः चालवू नका. काल काय खाल्लं होतं याची चर्चा करत बसू नका. आम्ही तशी चर्चा करण्यात दोन तास घालवले, आणि दादाच्या हृदयाचा एक भाग त्या दोन तासांत कायमचा अशक्त झाला. आता दादा लालबागेत रोज सकाळी चालतो, पण चढ लागला की मध्ये उभा राहतो, आणि मी त्याच्याबरोबर थांबतो.

वही उद्या सकाळच्या पहिल्या सिगरेटच्या आधी उघडायची आहे. आठ दिवसांनी डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात जाल तेव्हा ती सोबत घेऊन जा. गम किती लागेल, गोळी लागेल का, हे त्या पानांवरूनच ठरतं.